तळघरात तयार झालेला 'बोस्टन': 1976 चा एक अल्बम नीट ऐकताना

'मोर दॅन अ फीलिंग' हे गाणं दबक्या पावलांनी येतं. बारा तारांच्या अकूस्टिक गिटारचा आवाज जवळजवळ ऐकूच न येण्यापासून हळूहळू मोठा होत जातो, खाली बेस येतो, मग ड्रम्स, आणि मग इलेक्ट्रिक गिटारची धून. मिनिटभरात आपण एका प्रचंड स्टेडियममध्ये उभे आहोत आणि समोर निदान सात-आठ वादक वाजवताहेत असं वाटायला लागतं. अमेरिकेतल्या बोस्टन या बँडचा हा पहिला अल्बम. त्याचं नावही 'बोस्टन'च. 25 ऑगस्ट 1976 ला तो बाजारात आला आणि एकट्या अमेरिकेत आजवर त्याच्या 1 कोटी 70 लाख प्रतींची नोंद झाली आहे.

त्यातली स्टेडियमसारखी भव्यता एका भाड्याच्या घराच्या तळघरात तयार झाली, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारच्या चिंचोळ्या जागेत. आणि त्यातली बहुतेक वाद्यं एकाच माणसाने वाजवली आहेत. हे कसं शक्य झालं ते समजून घेतलं की गाणी वेगळी ऐकू यायला लागतात, म्हणून हा लेख.

माणसाचं नाव टॉम शोल्झ. एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनियरिंगची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेतलेला, झटपट फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पोलरॉइड कंपनीत उत्पादनांची रचना करणारा अभियंता. लहानपणी पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला. गिटार मात्र विशीत पोहोचल्यावर, स्वतःच्या स्वतः शिकला. दिवसा नोकरी, रात्री बोस्टनला लागूनच असलेल्या वॉटरटाउन गावातलं ते तळघर. पगारातले पैसे साठवून तो एकेक यंत्र घेत होता, आणि जे परवडत नव्हतं किंवा बाजारात मिळतच नव्हतं ते स्वतः बनवत होता. त्याने वर्षानुवर्षं रेकॉर्ड कंपन्यांना टेप पाठवल्या आणि वर्षानुवर्षं नकार पचवले.

आता त्या यंत्रांपैकी सगळ्यात महत्त्वाच्या यंत्राकडे येऊ.

त्याच काळात आपल्याकडे, म्हणजे मुंबईत, चित्रपटाचं गाणं कसं रेकॉर्ड होत असे ते अनेकांना ऐकून माहीत असेल. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत पूर्ण वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी हजर असत. सगळे एकदम वाजवत, गायक एकदम गात. कुणा एका व्हायोलिनवाल्याचा हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्या पद्धतीची स्वतःची एक जादू आहे, पण तिला माणसं लागतात, एकत्र लागतात, आणि घड्याळ सतत डोक्यावर असतं.

शोल्झकडे होतं ते स्कली कंपनीचं बारा ट्रॅकचं टेप रेकॉर्डर. त्याची चुंबकीय टेप म्हणजे बारा रेघांचं पान समजा: एकेका रेघेवर एकेक वाद्य लिहायचं, एखादी रेघ बिघडली तर तेवढीच खोडून पुन्हा लिहायची, बाकीच्या अकरांना धक्का लागत नाही. सोमवारी ड्रम्स, मंगळवारी ते ऐकत ऐकत बेस, पुढच्या आठवड्यात ते दोन्ही ऐकत गिटार, असं एकट्याने काम करता येतं. वाजवताना मात्र सगळं एकाच क्षणी घडल्यासारखं ऐकू येतं. याला मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग म्हणतात, आणि आधीच्या ट्रॅकवर नवा थर चढवण्याला ओव्हरडबिंग.

वाचायला सोपं वाटतं, पण यात एक मोठी अडचण दडलेली होती आणि ती सोडवण्याची युक्ती मला फार सुंदर वाटते. टेप रेकॉर्डरमध्ये आवाज लिहिणारं हेड वेगळं आणि वाचणारं हेड वेगळं, दोघांत थोडं अंतर. समजा ते अंतर दीड इंच आहे आणि टेप सेकंदाला 15 इंच या वेगाने धावते आहे. म्हणजे वाचणाऱ्या हेडमधून ड्रम्स ऐकत तुम्ही गिटार वाजवली, तर तुमची गिटार टेपवर सेकंदाच्या एक दशांश इतकी मागे लिहिली जाणार. संगीतात एवढा फरक म्हणजे सरळ बेताल. उपाय असा की, ओव्हरडब करताना जुने ट्रॅकही लिहिणाऱ्या हेडनेच वाचायचे. त्या हेडचे आडवे भाग पाडलेले असतात. काही भाग वाचण्याचं काम करतात, एक भाग लिहितो, आणि दोन्ही क्रिया टेपच्या एकाच ठिकाणी होतात. अंतरच उरत नाही. गिटारवादक लेस पॉलसाठी अँपेक्स कंपनीने 1950 च्या दशकात आठ ट्रॅकचं यंत्र तयार केलं तेव्हा हीच कल्पना वापरली होती. विसाएक वर्षांनी तिचा वारसा वॉटरटाउनच्या तळघरात पोहोचला होता.

बारा ट्रॅक तरी लवकर संपतात. ड्रम्सनाच तीन-चार लागतात. मग काय करायचं, तर दोन-तीन ट्रॅकचं मिश्रण करून ते एका रिकाम्या ट्रॅकवर उतरवायचं आणि मूळचे ट्रॅक पुन्हा वापरायला मोकळे करायचे. पण प्रत्येक उतरवणीत टेपची सळसळ थोडी वाढते, आवाजाची धार थोडी बोथट होते, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही. म्हणजे गाणं पूर्ण झाल्यावर कसं ऐकू येणार हे ते अर्धं झालेलं असतानाच ठरवावं लागतं. इथे शोल्झचा अभियंत्याचा स्वभाव उपयोगी पडला. तो पाडायचा, पुन्हा बांधायचा, पुन्हा पाडायचा. 'मोर दॅन अ फीलिंग' पूर्ण व्हायला पाच वर्षं लागली.

व्यावसायिक स्टुडिओत हे कुणालाच परवडलं नसतं. तिथे तासाचे पैसे लागतात. त्याच 1976 साली रमोन्स या न्यू यॉर्कच्या पंक बँडने आपला पहिला अल्बम आठवड्याभरात, सुमारे 6400 डॉलरमध्ये उरकला होता, आणि तोही आपल्या जागी थोर आहे. पण बोस्टनचा आवाज हा वेळ ओतून मिळालेला आवाज आहे. तळघराने शोल्झला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कुठलं यंत्र नव्हतं, घड्याळ नसणं ही होती.

आता त्या गिटारकडे वळू, कारण या अल्बमची ओळख म्हणजे ती गिटार.

रॉकमधल्या इलेक्ट्रिक गिटारचा जाड, लांबणारा, थोडा फाटलेला आवाज कुठून येतो? अँप्लिफायरला त्याच्या क्षमतेपलीकडे ढकललं की ध्वनिलहरींची टोकं कापली जातात, आणि मूळ स्वरावर नवे वरचे स्वर उगवतात. तानपुरा ऐकणाऱ्याला वरच्या स्वरांची ही कल्पना नवी नाही. खर्जाची तार छेडली की तिच्यातून गांधार उमटतो. तो कुणी छेडलेला नसतो, तारेच्या आतच असतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचं डिस्टॉर्शन असे वरचे स्वर भरभरून तयार करतं. शिवाय टोकं कापल्यामुळे मोठा आवाज आणि विरत जाणारा आवाज यांतला फरक कमी होतो, म्हणून एक स्वर खूप वेळ टिकल्यासारखा वाटतो.

अडचण अशी, की मार्शलसारखा अँप्लिफायर खरा गातो तो पूर्ण ताकदीवर. आणि पूर्ण ताकदीवर तो तळघरात लावला तर शेजारी पोलिसांना बोलावतील. यावर शोल्झचा मार्ग म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये एक पेटी बसवायची, जी बरीचशी वीज उष्णतेत घालवून टाकेल. अँप्लिफायरला वाटतं आपण जिवाच्या आकांताने ओरडतो आहोत. स्पीकरमधून येतो घरात चालेल असा आवाज. पुढे 1980 मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली तेव्हा हीच पेटी 'पॉवर सोक' या नावाने विकायला आणली.

याहून महत्त्वाचं म्हणजे त्याची स्वरांची मांडणी. बोस्टनच्या गाण्यांत मुख्य गिटारची धून बऱ्याचदा दोन किंवा तीन गिटारींवर एकत्र येते: एक षड्जावर असेल तर दुसरी गांधारावर, आणि दोघी त्याच वळणांनी बरोबर चालतात. हे दोन स्वर एकाच गिटारवर, एकाच फाटक्या अँप्लिफायरमधून एकदम वाजवले तर काय होईल? डिस्टॉर्शन दोन्ही स्वरांची सरमिसळ करून त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे भलतेच स्वर तयार करेल आणि सगळा गाळ होईल. शोल्झ प्रत्येक स्वररेषा स्वतंत्र ट्रॅकवर वाजवतो. प्रत्येकीचं डिस्टॉर्शन तिच्यापुरतं राहतं. मिलाफ होतो तो नंतर, हवेत आणि आपल्या कानात. म्हणूनच त्या गिटारी इतक्या जाड असूनही काचेसारख्या स्वच्छ ऐकू येतात. चाहते ज्याला 'बोस्टनचा आवाज' म्हणतात त्याचं बरंचसं रहस्य इथे आहे.

एकच धून दोनदा वाजवून दोन ट्रॅक एकमेकांवर ठेवण्याची युक्तीही तो सतत वापरतो. माणूस तीच ओळ दुसऱ्यांदा कितीही अचूक वाजवो, काही मिलिसेकंदांचा आणि श्रुतीच्या बारीकशा अंशाचा फरक राहतोच. तो फरक कानाला चूक म्हणून जाणवत नाही, भरदारपणा म्हणून जाणवतो. यंत्राने हुबेहूब प्रत काढून ठेवली तर हा परिणाम मिळत नाही. नुसता आवाज मोठा होतो.

आणि मग या सगळ्याच्या वर ब्रॅड डेल्प. गिटारीबद्दल लिहिताना माणसं डेल्पला दोन ओळींत आटोपतात, ते मला खटकतं. शोल्झने कितीही थर रचले असते तरी हा गळा नसता तर ती एका हुशार अभियंत्याची प्रात्यक्षिकं ठरली असती. डेल्प कॉफी यंत्रांसाठी तापणाऱ्या कॉइल बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता, बीटल्सचा निस्सीम भक्त होता, आणि त्याचा आवाज तारसप्तकात जाताना आक्रसत नव्हता, उलट उघडत जायचा. मुख्य गायनही त्याचं, आणि मागे ऐकू येणारा गायकांचा घोळका म्हणजेही बहुतांशी तोच, पुन्हा पुन्हा स्वतःवर थर चढवत.

आता करार. शोल्झच्या टेप ऐकून अखेर सीबीएसच्या एपिक रेकॉर्ड्सने या बँडला घ्यायचं ठरवलं, पण अट घातली: गाणी व्यावसायिक स्टुडिओत, व्यावसायिक निर्मात्याबरोबर पुन्हा रेकॉर्ड करा. शोल्झला ते मान्य नव्हतं. जो आवाज ऐकून कंपनीने होकार दिला तो तळघरातच तयार झाला होता, तो दुसरीकडे पुन्हा कसा मिळणार? लिंडा रॉनस्टॅटबरोबर काम केलेला निर्माता जॉन बॉयलन याच्या मदतीने मग एक खेळी रचली गेली. बॉयलन बाकीच्या बँडला घेऊन लॉस एंजलिसला गेला, कॅपिटल स्टुडिओत डेल्पचं 'लेट मी टेक यू होम टुनाइट' रेकॉर्ड केलं. काम चालू आहे हे कंपनीला दिसत राहिलं. तिकडे वॉटरटाउनमध्ये शोल्झ नोकरी सांभाळून उरलेली गाणी जुन्याच तळघरात, जुन्याच यंत्रांवर, पुन्हा बारकाईने उभी करत होता.

शेवटी ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सहून रेकॉर्डिंगचा एक ट्रक वॉटरटाउनला मागवण्यात आला. तळघराच्या खिडकीतून केबल आत घेतली आणि बारा ट्रॅकवरचं सगळं ट्रकमधल्या चोवीस ट्रॅकच्या यंत्रावर उतरवलं. हा टप्पा नीट लक्षात घ्या: वाद्यांनी बारा ट्रॅक व्यापले होते, आता आणखी बारा मोकळे मिळाले. लॉस एंजलिसला डेल्पच्या आवाजाचे थर चढले ते याच मोकळ्या जागेत. पैसे देणाऱ्या कंपनीला अल्बमचा बहुतांश भाग कुठे तयार झाला याचा पत्ता नव्हता.

अल्बमच्या मागच्या बाजूवर मात्र बँड पाच जणांचा दिसतो: शोल्झ, डेल्प, गिटारवर बॅरी गुड्रो, बेसवर फ्रॅन शीहान, ड्रम्सवर सिब हॅशियन. मैफलींत हे पाच जण खरोखर वाजवत. अल्बमवर बेसचा बराचसा भागही शोल्झचाच आहे. शोल्झबरोबर सुरुवातीपासून असलेला ड्रमर जिम मॅस्डिया करारापूर्वीच बाजूला झाला होता. 'रॉक अँड रोल बँड' या गाण्यात मात्र त्याचे ड्रम्स राहिले. पुढच्या बाजूला, मुखपृष्ठावरही एक गंमत आहे: फुटणाऱ्या ग्रहापासून दूर पळणारी, गिटारच्या आकाराची अंतराळयानं. कला दिग्दर्शन पॉला शेरचं, चित्र रॉजर ह्युसेनचं. शेर पुढे ग्राफिक डिझाइनच्या क्षेत्रात फार मोठी झाली.

अल्बममध्ये आठ गाणी, वेळ सुमारे 38 मिनिटं. सगळ्यांवर सारखं लिहिण्यात अर्थ नाही.

'मोर दॅन अ फीलिंग' हे एक जुनं गाणं ऐकून जुनी माणसं आठवण्याबद्दलचं गाणं आहे. लेफ्ट बँक या बँडचं 1966 चं 'वॉक अवे रेने' ऐकताना होणारी कालवाकालव शोल्झच्या मनात होती. शब्दांतली मेरीअ‍ॅन निघून जाते, आणि संगीत तिच्यामागे धावतं. कडवी बारा तारांच्या मऊ झंकारावर चालतात. ध्रुवपदात एकदम इलेक्ट्रिक गिटारी आणि टाळ्या. ध्रुवपदाच्या चार कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे समूह) जी, सी, ई मायनर, डी. जी ला षड्ज मानलं तर त्यांचे मूळ स्वर सा, म, ध, प. पेटीवर वाजवून बघा, दोन मिनिटांत सापडतील. एवढ्या साध्या चौकटीवर उभं असल्यामुळेच वरचे सगळे थर अंगावर येत नाहीत. शेवटच्या कडव्यात डेल्प जिथवर चढतो तिथे माझ्या अंगावर आजही काटा येतो. हे गाणं बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं.

'पीस ऑफ माइंड' मी नोकरदार वाचकांसाठी राखून ठेवतो. कंपनीतली शिडी, ती चढण्याची धडपड, आणि मला फक्त मनःशांती हवी असं म्हणणारा एक माणूस. ते लिहिणारा स्वतः दररोज एका मोठ्या कंपनीत जात होता. अल्बम बाजारात आला तेव्हाही त्याने पोलरॉइड सोडलं नव्हतं. त्यामुळे या शब्दांत ऐकीव तक्रार नाही. सुरुवातीचीच दुहेरी गिटार ऐका, वर सांगितलेली स्वतंत्र ट्रॅकची मांडणी इथे सगळ्यात स्पष्ट कळते.

'फोरप्ले/लाँग टाइम' म्हणजे एकाला जोडलेल्या दोन रचना, पावणेआठ मिनिटांच्या. पहिला भाग फक्त वाद्यांचा: हॅमंड ऑर्गनवर वेगाने धावणारे स्वरसमूह, लहानपणच्या शास्त्रीय पियानोची सरळ आठवण. शोल्झने अगदी सुरुवातीला केलेल्या रचनांपैकी ही एक. ऑर्गनचं वादळ शमतं आणि 'लाँग टाइम' सुरू होतं; त्यातली मुख्य गिटार गुड्रोची आहे. तिचा पोत शोल्झच्या गिटारीपेक्षा किंचित मोकळा, जास्त ब्लूजच्या अंगाने जाणारा. वेगळेपण कळलं की अल्बममध्ये दुसऱ्या माणसाचा हात कुठे आहे ते ओळखता येतं.

'रॉक अँड रोल बँड' बारमध्ये वाजवत, गाडीत झोपत वर आलेल्या बँडची कथा सांगतं. या बँडची खरी कथा तशी नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. 'स्मोकिन'' मधला ऑर्गन चुकवू नका. 'हिच अ राइड' मध्ये ऑर्गनचा एक स्वर मींडेसारखा झुकतो. ऑर्गनवर मींड घेता येत नाही. शोल्झने रेकॉर्डरचं फिरणारं रीळ बोटाने दाबून मंद केलं, टेपचा वेग उतरला आणि स्वरही उतरला. 'समथिंग अबाउट यू' ठीक. आणि 'लेट मी टेक यू होम टुनाइट' हे लॉस एंजलिसच्या स्टुडिओत झालेलं गाणं बाकीच्यांच्या शेजारी ठेवून ऐका. गाणं गोड आहे, पण हवा वेगळी आहे.

समीक्षकांपैकी अनेकांनी पुढे अशा संगीताला 'कॉर्पोरेट रॉक' म्हणून नाकं मुरडली: फार गुळगुळीत, फार नेमकं, कारखान्यातून निघाल्यासारखं. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. कॉर्पोरेट कंपनीने तर हा आवाज मोडून दुसरीकडे बांधायला सांगितलं होतं; तो टिकला एका हट्टी माणसामुळे. ऐकणाऱ्यांनी त्या शेऱ्याकडे लक्ष दिलं नाही. वादकांनीही नाही. 1991 मध्ये निर्वाणा या बँडचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' आलं तेव्हा त्याच्या गिटारचा ठेका 'मोर दॅन अ फीलिंग'च्या ध्रुवपदाशी जुळतो हे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि 1992 च्या रेडिंग महोत्सवात निर्वाणाने आपलं गाणं सुरू करण्याआधी बोस्टनच्या गाण्याची झलक वाजवून ते उघडपणे मान्य केलं.

शोल्झच्या कामाची पद्धत मात्र रेकॉर्ड कंपनीच्या कॅलेंडरात कधीच बसली नाही. दुसरा अल्बम 'डोन्ट लुक बॅक' 1978 मध्ये आला, पहिल्या क्रमांकावर गेला, तरी तो घाईत बाहेर काढावा लागला याची शोल्झला खंत होती. तिसऱ्याला तो इतका वेळ घेऊ लागला की सीबीएसने 1983 मध्ये त्याच्यावर दावा ठोकला. मधल्या काळात त्याच्या कंपनीने 'रॉकमन' ही कमरेच्या पट्ट्याला अडकवता येणारी छोटी पेटी काढली. गिटार तिला जोडली की हेडफोनमध्ये थेट त्या जातीचा आवाज मिळे; डेफ लेपर्ड या बँडच्या 1987 च्या 'हिस्टेरिया' अल्बमवरच्या गिटारीत तो ऐकू येतो. 'थर्ड स्टेज' अखेर 1986 मध्ये, दुसऱ्याच कंपनीकडून आला; त्यातलं 'अमांडा' थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचलं, जिथे 'मोर दॅन अ फीलिंग'ही पोहोचलं नव्हतं. आणि न्यायालयात ज्युरींनी कौल दिला तो शोल्झच्या बाजूने.